राउंडच्या मागच्या रांगेतून

मी मेडिकलची विद्यार्थिनी. मेडिसिनचं पोस्टिंग, म्हणजे त्या विभागाच्या वॉर्डात शिकायची पाळी, आठ आठवड्यांचं होतं. चौथ्या आठवड्याच्या शेवटी सरांनी एकेकाला आत बोलावून लॉगबुकात शेरा लिहिला. माझ्या पानावर होतं, "वाचन चांगलं. वॉर्डात रस घेत नाही." मी थँक यू सर म्हणाले, बाहेर आले आणि जिन्यात बसून ती दोन वाक्यं पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

मी रोज पावणेसातला वॉर्डात यायचे. माझ्या वाटणीच्या दोन्ही पेशंटचे रिपोर्ट राउंडच्या आधी बघून ठेवायचे, रात्री त्यांच्याच आजारांवर वाचायचे. यकृत खराब होऊन पोटात पाणी झालेले एक काका होते. त्यांच्या पोटाचा घेर मी रोज सकाळी टेपने मोजायचे आणि तारीखवार डायरीत लिहायचे. ती डायरी एप्रनच्या खिशातून एकदाही बाहेर आली नव्हती. राउंडला आम्ही दहा जण खाटेभोवती गोळा व्हायचो. त्यात मी मागे, कोणाच्या तरी खांद्याआडून बघणारी. सरांनी प्रश्न टाकला की पुढचे तिघे-चौघे उत्तर देऊन मोकळे व्हायचे. उत्तर मलाही येत असायचं. पण मनात त्याची जुळवाजुळव करून, दोनदा तपासून ते ओठांवर यायच्या आत राउंड पुढच्या खाटेपाशी पोचलेला असायचा.

पहिले दोन दिवस मला फक्त राग आला. आमच्या बॅचमधल्या एकाने पेशंटला हातही न लावता रेसिडेंट डॉक्टरच्या केस पेपरवरून आजाराची हिस्टरी वाचून दाखवली होती आणि त्याच्या लॉगबुकात "उत्साही" असा शेरा होता. मग हळूहळू राग निवळला आणि सरांच्या बाजूने विचार करता आला. त्यांना मी दिवसातून दीड-दोन तास दिसते, तीही दहा जणांच्या घोळक्यात. माझ्या डोक्यात काय चाललंय, मी रात्री काय वाचलं, हे त्यांना कळायला काही वाटच नव्हती. गप्प उभी असलेली मुलगी मन लावून ऐकतेय की मनाने तिसरीकडेच आहे, हे बाहेरून सारखंच दिसतं.

सगळ्यांनी सल्ला एकच दिला : प्रश्न विचार. तो मी इमानेइतबारे पाळला. रोज रात्री तीन प्रश्न लिहून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी राउंडमध्ये ते विचारायचे, असं ठरवलं. आठवडाभर केलं. त्यातला एक दिवस मला अजून टोचतो. पोटात पाणी झालेल्या त्याच काकांच्या खाटेपाशी त्यांची मुलगी सरांशी बोलायला थांबली होती. त्यांच्या किडनीवरही आता परिणाम दिसू लागला होता आणि ते तिला कसं सांगायचं, हे सर बहुधा मनात ठरवत असावेत. नेमकं तेव्हा मी माझ्या यादीतला प्रश्न विचारला, यकृताच्या आजारात किडनी का बिघडते म्हणून. त्याचं उत्तर मी आदल्या रात्रीच वाचलेलं होतं. सरांनी शांतपणे सगळं समजावलं, दोन-तीन मिनिटं गेली. तेवढा वेळ ती मुलगी पिशवीचे बंद बोटांभोवती गुंडाळत आमच्याकडे बघत उभी होती. त्यानंतर मी यादी करणं बंद केलं. स्वतःला दाखवण्यासाठी विचारलेल्या प्रश्नाची किंमत खाटेवरच्या माणसाला मोजावी लागते, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. खरंच अडलेला प्रश्न वेगळा, तो कुठेही विचारावा.

मेडिसिन तसंच संपलं. पुढचं पोस्टिंग सर्जरीचं. तिथे अकरा नंबरच्या खाटेवर एक आजी होत्या. आतडं अडकल्यामुळे ऑपरेशन झालेलं, त्याला दुसरा दिवस. सकाळी सातला मी त्यांच्यापाशी गेले. त्या सारख्या कूस बदलायचा प्रयत्न करत होत्या. कुठे दुखतंय विचारलं तर "सगळीकडेच, बाळा" म्हणाल्या. मी चार्ट बघितला. पहाटे दोनला सिस्टरनी युरोबॅग, म्हणजे नळीतून येणारी लघवी साठण्याची पिशवी, रिकामी केल्याची नोंद होती. आता बॅगेत तळाशी जेमतेम ४० मिली. आजींचं वजन साधारण ६० किलो. मोठ्या माणसाला किलोमागे तासाला निदान अर्धा मिली लघवी व्हायला हवी, म्हणजे आजींना तासाला ३०, पाच तासांत १५०. हे गणित मी तिथेच उभ्या उभ्या केलं. डायरीत ४० लिहून त्याखाली रेघ ओढली.

आठला राउंड आला. रेसिडेंट मॅडमनी भराभर आकडे वाचले : ताप नाही, बीपी ठीक, नाडी थोडी जास्त. कालच्या पूर्ण दिवसाची लघवी त्यांनी सांगितली, ती पुरेशी होती. पहाटेपासूनचा आकडा कोणी विचारला नाही. सांगावं असं माझ्या मनात आलं. मग वाटलं, मॅडमनी बघितलंच असेल. मग वाटलं, माझंच गणित चुकलं असेल तर? मग वाटलं, चार तासांनी आकडा सुधारेलही. एवढ्यात सगळे बारा नंबरकडे वळले होते.

साडेबाराला मॅडम ड्रेसिंगसाठी आल्या, तेव्हा आजी कण्हत होत्या. मॅडमनी पोटावर हात ठेवला, बेंबीखाली थोडं दाबून बघितलं, लगेच चादर बाजूला केली. कॅथेटरची, म्हणजे लघवीची, नळी आजींच्या मांडीखाली दबून मुडपली होती. मॅडमनी मांडी हलकेच उचलून नळी सरळ केली आणि बॅगेत धार सुरू झाली. प्लास्टिकवर पडणाऱ्या त्या धारेचा आवाज बराच वेळ थांबला नाही. सातशे मिली निघाली. आजींनी डोळे मिटले, कपाळावरच्या आठ्या उतरल्या, पाच मिनिटांत त्यांना झोप लागली.

"सकाळी कोणी बॅग बघितली नव्हती का?" मॅडमनी कोणालाच उद्देशून न विचारता विचारलं.

"मी बघितली होती, मॅडम. सातला ४० मिलीच होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. "मग बोलली का नाहीस?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या हातमोजे काढत म्हणाल्या, "तुझं चुकलं असतं तरी चाललं असतं गं. मी येऊन बघितलं असतं. दहा सेकंदांचं काम होतं."

तोवर मी माझ्या गप्प राहण्याकडे माझा प्रश्न म्हणून बघत होते : शेरा, मार्क, सरांचं मत. त्या दुपारी ते एकदम आजींचं झालं. साडेपाच तास त्यांनी जे सोसलं, त्यातला काही वाटा माझा होता. सिस्टर एकट्या सगळा वॉर्ड सांभाळत होत्या, मॅडम रात्रभर जाग्या होत्या. वेळ आणि आकडा, दोन्ही हाताशी असलेली त्या वॉर्डात मी एकटीच होते.

त्या रात्री मी एक गोष्ट नीट वेगळी करून बघितली. मी कमी बोलते, हा माझा स्वभाव आहे. चार माणसांत ऐकायला मला मनापासून आवडतं. पण अकरा नंबरपाशी मी स्वभावामुळे गप्प नव्हते, चुकायच्या भीतीने गप्प होते. या दोन गोष्टी बाहेरून एकसारख्या दिसतात आणि आतूनही पुष्कळदा एकमेकींत मिसळतात. मी माझ्यापुरती खूण ठरवली : हीच गोष्ट मी मैत्रिणीला कॉरिडॉरमध्ये सहज सांगितली असती का? सांगितली असती, तर इथे मला भीती थांबवतेय. स्वभाव बदलायला मी तयार नव्हते आणि तशी गरजही नव्हती. भीतीला मात्र वाट काढून द्यायला हवी होती.

वाट कॉरिडॉरमध्येच सापडली. राउंडच्या आधी मॅडम काउंटरपाशी उभ्या राहून पेपर आवरत असायच्या, तेव्हा त्यांना गाठायचं आणि एका पेशंटबद्दल एकच गोष्ट सांगायची. दहा जणांसमोर बोलण्यापेक्षा एका माणसाशी बोलणं मला कितीतरी सोपं. वाक्यही ठरवून टाकलं : खाट कितवी, काय दिसलं, मला काय वाटतं. "मॅडम, चार नंबरच्या ड्रेनमध्ये काल गुलाबी पाणी होतं, आज लालसर आहे. बघाल का?" (ड्रेन म्हणजे ऑपरेशनच्या जागेतलं पाणी बाहेर काढणारी नळी.) कधी कधी त्या नुसतं "हो, माहितीय" म्हणायच्या. सुरुवातीला तेवढ्यानेही मन खट्टू व्हायचं. पण दुसऱ्या आठवड्यात राउंडमध्ये चार नंबरपाशी आल्यावर त्या स्वतःहून म्हणाल्या, "ड्रेनचं तू सांग सरांना." मी पुढे सरकले, दोन वाक्यं बोलले, पुन्हा मागे गेले. घोळक्यात घुसून बोलणं मला कधी जमलं नाही. बोलावणं आलं की मात्र जमायचं, आणि ते बोलावणं राउंडच्या आधी मिळवता येतं हे मला तेव्हा कळलं.

त्याच महिन्यात ऑपरेशन थिएटरमध्ये गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक सुरक्षा यादी आणली, तिच्यात १९ मुद्दे आहेत. त्यातला एक असा की चीर देण्याआधी तिथल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. मीही सांगितलं, नाव आणि "विद्यार्थिनी, बघायला आलेय". इतक्या वर्षांत बोलायची पाळी प्रत्येकावर येईल अशी सोय मला पहिल्यांदाच दिसली. अगदी छोटी गोष्ट, पण तासाभराने सर्जनांनी मला नावाने हाक मारून पुढे बोलावलं आणि पित्ताशयाची नळी दाखवली. एकदा स्वतःचा आवाज खोलीत ऐकू आला की दुसऱ्यांदा बोलणं तितकं जड जात नाही.

पुढचं पोस्टिंग पुन्हा मेडिसिन, वेगळं युनिट. या वेळी पहिल्याच दिवशी मी सरांना राउंडनंतर गाठलं. काय बोलायचं ते आदल्या रात्री चार वेळा म्हणून पाहिलं होतं. "सर, मी घोळक्यात कमी बोलते. पण तयारी करून येते. मला थेट विचारलंत तर मी उत्तर देईन, चुकलं तरी देईन." सर "बरं" म्हणाले आणि निघून गेले. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक प्रश्न विचारला, पुढच्या रांगेकडे तळहात दाखवून थांबवलं, आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

ते थांबणं किती मोलाचं आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. मेरी बड रो नावाच्या संशोधक होत्या. शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात, हे त्यांनी शाळांच्या वर्गांत मोजलं. सरासरी निघाली सुमारे एक सेकंद. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात, असं त्यांना दिसलं. हे काम १९७०च्या दशकातलं आहे आणि शाळेतलं आहे, पण ते वाचताना मला आमचा राउंडच दिसत होता. एका सेकंदात उत्तर येणारे चौघे आणि तीन सेकंद लागणारी मी. सगळेच सर थांबत नाहीत, तेव्हा मी एक वाक्य शिकले : "सर, विचार करतेय." एवढं म्हटलं की ती शांतता रिकामी राहत नाही. समोरच्याला कळतं की आत काहीतरी चाललंय, आणि दोन सेकंद मिळतात.

केस प्रेझेंट करण्याची एक पद्धत मला फार उपयोगी पडली. २००३ मध्ये ती वैद्यकीय शिक्षणाच्या एका नियतकालिकात छापून आली, स्नॅप्स असं तिचं नाव. आधी हिस्टरी आणि तपासणी थोडक्यात सांगायची, मग शक्यता दोन-तीनवर आणायच्या, त्या एकमेकींशी ताडून बघायच्या, जे कळलं नाही ते सरांना विचारायचं, मग पुढे काय करायचं ते ठरवायचं आणि शेवटी आज रात्री कशावर वाचणार हे स्वतः सांगायचं. यात प्रश्न विचारायची जागा आधीच राखलेली असते. मध्येच तोंड घालायचं धाडस करावं लागत नाही. आपला क्रम आला की विचारायचं, आणि तो प्रश्न खराच अडलेला असतो.

मी तशी मांडलेली पहिली केस दोन्ही पाय सुजलेल्या एका आजोबांची. आधीच्या औषधांत त्यांना लघवी वाढवायची गोळी दिलेली होती, पण सूज हटत नव्हती. मी दुपारी त्यांच्याजवळ स्टूल घेऊन बसले आणि नुसतं "सांगा आजोबा" म्हटलं. पंचवीस मिनिटं ते बोलत होते. शेत, सून, गुडघे, आणि मग मध्येच : बीपीची गोळी बदलली त्याला तीन आठवडे झाले, चपला तेव्हापासूनच घट्ट व्हायला लागल्या. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या होत्या. डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडत होते, आणि सुरुवातीचं म्हणणं पुरं करता आलं होतं फक्त १७ भेटींत. आजोबा अठराव्या सेकंदाला अजून पेरणीवर होते.

दुसऱ्या दिवशी मी मांडलं. छाती स्वच्छ, ४५ अंशांत टेकवून बघितलं तर मानेतली शीर फुगलेली नाही, लघवीत प्रोटीन नाही. हृदय, किडनी आणि औषध, अशा तीन शक्यता धरल्या आणि औषधावर आले. नवी गोळी अ‍ॅम्लोडिपिनची होती. तिने धमन्यांच्या बारीक फांद्या सैलावतात, शिरा तेवढ्या सैलावत नाहीत, मग केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. "अंगात पाणी जास्त झालेलं नाही, म्हणून लघवीच्या गोळीने उतरत नसावं. मला एवढंच कळत नाही सर, डोस कमी करावा की औषधच बदलावं?" माझा आवाज हलत होता. हातातला कागदही हलत होता, म्हणून मी तो खाटेच्या कठड्यावर टेकवला. सरांनी आजोबांना विचारलं, "चपला कधीपासून घट्ट होतायत?" आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "सगळं सांगितलंय तिला."

सगळीकडे असं जमलं नाही. एका युनिटमध्ये चार आठवडे मी हेच सगळं केलं, आणि शेवटी शेरा आला, "अधिक सक्रिय व्हावे." तिथे सर कोणाकडेच बघायचे नाहीत, राउंड धावत व्हायचा. वाईट वाटलं, पण या वेळी मी जिन्यात बसले नाही. मानसोपचार विभागात उलट झालं. तिथे मॅडमनी तिसऱ्याच दिवशी मला सगळ्यांत न बोलणाऱ्या पेशंटजवळ बसायला सांगितलं, रोज अर्धा तास. आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत बसायचो. आठव्या दिवशी ती बोलली.

धावपळ करणं म्हणजे रस दाखवणं, असाही एक समज असतो. एक्स-रे आणणं, रक्ताच्या बाटल्या पोचवणं हे मी पुष्कळ केलं. मदत म्हणून ते करावंच. पण त्याने माझं लक्ष कुठे आहे, हे कोणाला कळलं नाही. खाटेच्या दुसऱ्या बाजूला, पेशंटच्या उशापाशी उभं राहिल्याने मात्र कळलं. तिथून पेशंटचा चेहरा दिसतो, सरांनाही आपला चेहरा दिसतो, टॉर्च पुढे करता येतो, पेशंटला टेकवून बसवता येतं. मागच्या रांगेतून तिथवर चार पावलं असतील.

शेवटच्या पोस्टिंगमध्ये मी श्वास मोजायची सवय लावून घेतली होती, पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर धरून. कारण चार्टवर तो बऱ्याचदा नुसता १८ किंवा २० लिहिलेला असतो. एका सकाळी पावणेसातला सहा नंबरच्या ताई उशांना टेकून बसल्या होत्या. ऑपरेशन होऊन चार दिवस झालेले, उद्या घरी जायच्या. "बरं आहे" म्हणाल्या, पण वाक्य दोन तुकड्यांत आलं. मी मोजलं. पुन्हा मोजलं. काउंटरपाशी नवे रेसिडेंट सर होते, मला न ओळखणारे, फोनवर बोलत असलेले. फोन संपायची मी वाट बघितली नाही.

"सर, सहा नंबर. श्वास अठ्ठावीस आहे. काल सोळा होता. मला ठीक वाटत नाही."

त्यांनी फोनवर हात ठेवला. "पूर्ण मिनिट मोजलास?"

"दोनदा, सर."

ते फोन तसाच ठेवून उठले.